विष्णूअण्णांच्या चाळीस तोफा

माझ्या सासुरवाडीची सरपंचपदाची निवडणूक ताऱ्यांमधल्या एका लढाईपायी हातची जाता जाता राहिली, आणि ती लढाई मला तोवर नीटशी कळलीही नव्हती.

पुण्याला शिकणारी आमची लेक प्रज्ञा सुट्टीत येताना एक सातशे पानी इंग्रजी कादंबरी घेऊन आली. अंतराळातलं युद्ध, ताफे, सेनापती, घराणी! "पप्पा, हे तुम्हाला झेपायचं नाही," एवढंच ती म्हणाली. झालं! वडवणीत माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. फवारणीच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं मी गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या समजावून सांगतो. मला कादंबरी झेपायची नाही?

पहिल्याच ओळीत 'तिसऱ्या विझवणीनंतर' ताफा निघाला. विझवणी म्हणजे काय? कुणी काय विझवलं? पहिल्या दोन कधी झाल्या? लेखक ब्र काढायला तयार नाही! दुसऱ्या पानावर राखेची शपथ मोडली म्हणून एका सेनापतीचं सहावं कवच काढून घेतलं. (उरलेली पाच कुठं होती, देव जाणे.) मी पानं मागं उलटायचो, पुढं उलटायचो, उठून दारापर्यंत जायचो, परत येऊन बसायचो. गिऱ्हाईक युरिया मागायचं, मी पोटॅश काढून द्यायचो. जीव नुसता खालीवर! बायको सुनंदा म्हणाली, "ठिवा की त्ये पुस्तक. कावून जिवाला तरास करून घेता?" पण लेकीपुढं हार कशी मानायची?

शेवटी मी डोकं चालवलं. ती परकी नावं जिभेवर बसेनात, म्हणून प्रत्येक सेनापतीला सासरच्या एकेका माणसाचं नाव दिलं आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला तक्ता काढून आतल्या खोलीत टांगला. तरुण, तडफदार सरसेनापती म्हणजे माझा मेव्हणा बाळासाहेब. त्याच्या पाठीशी उभा असलेला, कमी बोलणारा म्हातारा म्हणजे सुनंदाचे चुलते विष्णूअण्णा. पुढं तो म्हातारा शत्रूला जाऊन मिळाला, तेव्हा मी अण्णांपासून एक जाडजूड तांबडा बाण काढला आणि खाली लिहिलं, 'चाळीस तोफा घेऊन फुटला. बाळासाहेबाला पत्ता नाही.'

आता खरा बाळासाहेब सिरसाळ्याजवळच्या आपल्या गावात सरपंचपदाला उभा होता, आणि खरे विष्णूअण्णा त्याच्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरत होते. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं, पण पुढच्या प्रकरणाच्या नादात निघून गेलं.

मतदानाला चार दिवस असताना बाळासाहेब काही कामानं वडवणीला आला आणि जेवायला आमच्याकडे थांबला. मोबाईल चार्जिंगला लावायला म्हणून आतल्या खोलीत गेला, तो बराच वेळ बाहेरच येईना. आला तेव्हा घामाघूम!

"दाजी, अण्णाचं हे कवापासून ठाव हाय तुमाला?"

त्याला पुस्तकाची गोडी लागली असं वाटून मी हरखलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारत होतं!

"झाले की दोन आठवडे. मला तर पहिल्यापासूनच म्हाताऱ्याचा संशय व्हता."

"चाळीस? नक्की चाळीस?"

"चाळीसच. दोनदा बघितलं मी."

"आन मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुला कुठं येवढी फुरसत हाय? निवडणूक झाल्यावर निवांत सांगणार व्हतो!"

तो भरल्या ताटावरून उठला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. आमच्या बीडकडं तक्ता, बाण आणि 'फुटला' हे तिन्ही एका कागदावर दिसले, की माणूस आकाशाकडं बघत नाही, मतदारयादी काढतो! तोफा म्हणजे मतं, हे त्यानं माझ्या दारातच ठरवून टाकलं होतं.

तासाभरात सुनंदाला माहेरून फोन. बाळासाहेबानं भर पारावर अण्णांना विचारलं होतं, "चाळीस घिऊन कुनाकडं निघाला?" अण्णांनी गळ्यातला प्रचाराचा गमजा काढून त्याच्या पायांशी टाकला आणि घर गाठलं. (अण्णांच्या भावकीत चाळीसेक मतं खरोखरच होती. एवढं मात्र माझं बरोबर आलं.) ती मतं गेली तर बाळासाहेब पडणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"आता तुमीच जावा आन निस्तरा!" सुनंदा म्हणाली.

एका बगलेत पुस्तक, दुसऱ्या बगलेत तक्त्याची गुंडाळी, असा मी अण्णांच्या ओट्यावर दाखल झालो. जावयाला शिवी द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत त्या दिवशी कामी आली. अण्णांनी मला हात जोडले, चहा मागवला, आणि सगळ्या शिव्या अंगणात उभ्या असलेल्या बाळासाहेबाला दिल्या.

"अण्णा, हे पुस्तकातलं हाय," मी म्हणालो. "वर ताऱ्यातलं. तुमचं नुसतं नाव वापरलंय."

"आसं व्हय? मंग त्यो म्हातारा फुटला कावून?"

"आजून कळलं न्हाई. पन्नास पानं राह्यलीत."

"वाचा मंग. हितंच बसून वाचा. त्यो शेवटाला कुनाचा निगतो ते बगू, मंग मी बी ठरवतो!"

अशी बाळासाहेबाची सरपंचकी पन्नास इंग्रजी पानांवर येऊन अडली! मी मोबाईलवर शब्दांचे अर्थ शोधत वाचत होतो, बाळासाहेब अंगणात येरझाऱ्या घालत होता, अण्णा तंबाखू मळत होते.

"आला का म्हातारा?"

"न्हाई. नुसता धूर हाय."

"आता?"

"थांबा, आजून धूरच हाय!"

आणि अखेर म्हातारा आला. तो शत्रूकडं मुद्दामच गेला होता. ऐन वेळी चाळीसच्या चाळीस तोफा त्यानं शत्रूवर फिरवल्या. मी ओट्यावर उभा राहून ओरडलो, "अण्णा, तुमी आपलेच हाव!"

बाळासाहेबानं अण्णांचे पाय धरले. अण्णांनी त्याच्या पाठीत एक दणका घातला आणि गमजा परत गळ्यात टाकला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मग अण्णांनी चष्मा लावून तक्ता उलगडला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"जावईबापू, हितं तुमी सोताचं नाव टाकलंय. ह्यो कोन?"

"त्यो ताफ्याचे नकाशे काढतो. लई हुशार मानूस."

"त्याचं काय झालं शेवटाला?"

ते पान मी नुकतंच वाचलं होतं. त्यानं काढलेल्या चुकीच्या नकाशामुळं आपलेच दोन ताफे एकमेकांवर तुटून पडले होते, आणि सरसेनापतीनं त्याला सगळ्यांसमोर हाकलून दिलं होतं.

"त्ये लेखकानं सांगितलंच न्हाई," मी म्हणालो आणि पुस्तक बगलेत मारून उठलो.