जवळ कोण होतं?

माझ्या पाठच्या भावाच्या मांडीवर पहिला मोठा डाग उठला तेव्हा तो अडीच वर्षांचा होता आणि मी आठ वर्षांची. वांग्याच्या सालीच्या रंगाचा, तळहाताएवढा डाग. आई त्याला न्हाणीत अंघोळ घालत होती. शेजारच्या काकू कळशी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"एवढ्याशा पोराला इतकं मारायचं का हो?" त्या म्हणाल्या.

"मी बोटही नाही लावलं," आई म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. कल्याणहून सकाळी जात, संध्याकाळी परतत. दिवसभर साक्षीदारांचे जबाब उतरवून घ्यायचे हे त्यांचं काम. सत्य आपोआप कुणाच्या तोंडातून येत नाही, ते काढावं लागतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर उभं केलं.

"हा पडला तेव्हा जवळ कोण होतं?"

"तो पडलाच नाही बाबा."

"मग डाग कसा आला? तू चिमटा काढलास?"

मी रडायला लागले. रडणारा माणूस काहीतरी लपवतो हेही ते कोर्टातच शिकले असावेत. त्यांनी एक कोरी वही काढली आणि लिहायला सुरुवात केली: कोणता दिवस, डाग कुठे, किती मोठा, जवळ कोण होतं. पुढची तीन वर्षं प्रत्येक डागाची नोंद त्या वहीत झाली. भावाला कडेवर घेऊन मीच हिंडायची, त्यामुळे जवळपास प्रत्येक पानावर मी होते. मला त्याला उचलून घ्यायची भीती वाटायला लागली. तो हात पसरून यायचा आणि मी मागे सरकायची.

सहाव्या वर्षी त्याचा दुधाचा दात पडला. रक्त थांबेना. तुरटी झाली, हळद झाली, कापसाचे बोळे झाले. तिसऱ्या दिवशी तो कागदासारखा पांढरा दिसायला लागला, तेव्हा कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "मुंबईला न्या. आजच."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याला बाबांचं रक्त दिलं. तिथले डॉक्टर वयस्क होते, हळू बोलत. बाबांनी वही पुढे केली. ती त्यांनी बराच वेळ वाचली. मी आईच्या पदराला धरून उभी होते. आता हे मला काहीतरी विचारणार, असं वाटत होतं.

"मुलीचं नाव फार ठिकाणी आहे," ते बाबांना म्हणाले. "हिच्यावर संशय होता का तुमचा?"

डॉक्टरांनी वही मिटून परत दिली.

"कुणी मारलेलं नाही. याचं रक्त गोठतच नाही. जन्मापासून. हा आजार आईकडून मुलग्यांकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही." मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या भावांपैकी कुणाला असा त्रास होता?"

"मला भाऊ नाही," आई म्हणाली.

आठवड्यानं आम्ही घरी आलो. मला वाटलं, बाबा माझ्याशी काहीतरी बोलतील. एखादा शब्द. ते हातपाय धुऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी आईला हाक मारली.

"भाऊ नाही, की भाऊ नव्हता?"

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"दोन होते," ती म्हणाली.

"कशानं गेले?"

"एकाचे बारशाला कान टोचले होते. दुसरा चार वर्षांचा, अंगणात पडला."

"म्हणून तुझ्या आईनं या पोरांचे कान टोचू दिले नाहीत. नवस आहे म्हणाल्या."

"आईनं मला सांगितलं होतं, आपल्या विहिरीचं पाणी वाईट आहे. सासरी गेलीस की सुटशील. मला खरंच तसं वाटलं होतं हो."

"लग्नाआधी आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर केलं असतंत?"

विहिरीची गोष्ट बाबांना कधीच पटली नाही. माझ्यावरचा संशय उठला आणि तो आईवर जाऊन बसला. तेव्हा माझा सगळ्यात धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता. तो पडला, की बाबा आधी आईच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग त्याच्या गुडघ्याकडे. वर्षभरात तोही तसाच निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध नाही. फार रक्त गेलं तर ताजं रक्त द्यायचं, सांधा सुजला तर हलवायचा नाही आणि बर्फ लावायचा. बर्फासाठी मी स्टेशनबाहेर बसणाऱ्या कोळणीकडे जायची. ती मासळीवरचा बर्फ भुशासकट पोत्यात बांधून द्यायची. आई तो दहा पाण्यांनी धुवायची, तरी वास राहायचा. काकूंनी चाळीत सांगितलं की आमच्याकडे आता मासळी शिजते.

औषध नाही यावर बाबांचा विश्वास बसला नाही. परदेशात असेल, डॉक्टर सांगत नसतील, असं म्हणून त्यांनी कुठकुठे पत्रं लिहिली. आईनं दुसरी वाट धरली. घोडबंदरच्या बाजूला एका गावात एक वैदू आहे, त्यानं जवळच्याच मोहने गावातल्या एका मुलाचं असंच रक्त थांबवलं, असं तिला कुणीतरी सांगितलं. बाबा रविवारी मोहन्याला जाऊन त्या मुलाला शोधून आले.

"त्याचा उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, नाकातून रक्त यायचं. पाऊस पडला, थांबला. वैदूचा काही संबंध नाही."

"तुम्हाला कुणाचंच खरं वाटत नाही," आई म्हणाली.

"खरं असेल तर वाटेल."

पुढच्याच आठवड्यात, बाबा कोर्टात गेल्यावर, आईनं धाकट्याला काकूंकडे सोपवलं आणि पाठच्याला आणि मला घेऊन ती निघाली. ठाण्याला उतरून मोटार पकडायची होती. बाबांचं कोर्ट तिथून फार लांब नव्हतं. आईनं पदर कपाळावर ओढला होता आणि बाबांसारखी छत्री घेतलेला प्रत्येक माणूस तिला बाबाच वाटत होता. "इकडे बघू नकोस, खाली बघ," ती मला सारखं सांगत होती.

वैदू म्हातारा होता आणि बोलायला गोड होता. भावाचा उजवा गुडघा थोडा आखडलेला होता, तो त्यानं पाहिला आणि म्हणाला, "रगात साकळलंय. मोकळं करतो." त्यानं कसलंसं गरम तेल घेतलं आणि गुडघा दोन्ही हातांनी रगडायला सुरुवात केली. भाऊ किंचाळला. मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. "थांबवा ना," मी म्हणाले. ती म्हणाली, "थोडं सोस रे बाळा, थोडंच."

घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. बाबा आले, त्यांनी टोपी काढली आणि थेट मला विचारलं, "जवळ कोण होतं?"

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"मी होते," मी म्हणाले. "तो पायरीवरून घसरला."

बाबा वाकले. गुडघ्याला तेलाचा उग्र वास येत होता, सबंध खोलीत भरला होता. ते आईच्या पाठीकडे बघत राहिले. मग वही काढून त्यांनी मी बोलले ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. तो जबाब खोटा आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, आणि त्याच वेळी मला सगळ्यात जास्त वाटत होतं की त्यांनी विचारावं.

तो गुडघा परत सरळ झाला नाही. भाऊ काठी घेऊन चालायला लागला. अकराव्या वर्षी शाळेत बाकाशी काठी अडकून तो पडला आणि डोक्यावर आपटला. वरून काहीच दिसत नव्हतं. दुपारी त्याला उलट्या झाल्या. ठाण्याहून बाबा येईपर्यंत तो गेला होता. ते त्याच्याजवळ बसले, त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरवायला घेतलं. डोंबिवलीचं स्थळ होतं, मुलगा नोकरीत, पत्रिका जुळलेली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बाबांना पूर्वीच बजावलं होतं की बहिणीकडूनही हे पुढे जाऊ शकतं, जाईलच असं नाही. मंडळी यायच्या आदल्या दिवशी बाबा आम्हाला म्हणाले, "थोरला कशानं गेला विचारलं तर विषमज्वर म्हणायचं. धाकट्याला काकूंकडे पाठवू."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, हे तुम्ही म्हणताय?"

"ते वेगळं होतं," बाबा म्हणाले.

मंडळी आली. पोहे झाले. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "भावंडं किती?"

"दोन भाऊ," मी म्हणाले. "एक गेला. दोघांचंही रक्त गोठत नाही. मला मुलगे झाले तर त्यांनाही तसं होऊ शकतं."

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला. मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं असं मला अजूनही वाटतं, पण त्याचे वडील उठले होते.

चार दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. बाबांनी ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "एक शब्द खरा नाही," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता, "तू बोललीस ते बरं केलंस."

मी पुढे लग्न केलं नाही. डोंबिवलीच्या शाळेत शिकवायला लागले. धाकटा बसून करायची कामं शिकला, माझ्याबरोबर राहिला.

आई मात्र मला बरीच वर्षं ऐकवत राहिली. एकदा दळण पाखडता पाखडता म्हणाली, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर तू मला शिक्षा द्यायला बोललीस ना? मी लपवलं, तुम्हा दोघांना वैदूकडे नेलं, तुला खोटं बोलायला लावलं, म्हणून?"

"नाही गं," मी म्हणाले.

तिनं सुपातून डोकं वर काढून मला नीट न्याहाळलं. तिचा विश्वास बसला की नाही मला कळलं नाही. मी खरं सांगितलं की नाही, तेही मला तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं.