कल्याणी मेश्रामनं उघडलेले बारा सेल

शनिवार पेठेतल्या तांबटांच्या दुकानात कल्याणी मेश्राम लॅपटॉपच्या बॅटऱ्या दुरुस्त करायची. नवीन गिऱ्हाईक तिच्यासमोर उभं राहून विचारायचं, दुरुस्ती करणारे कुठे गेलेत? कल्याणी मान वर न करता म्हणायची, "बोला."

ती मूळची भंडाऱ्याची. तिथल्या आयटीआयमधून तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. वडील पोस्टात. कुठलीही गोष्ट हाताला कळेपर्यंत शिकायची, एवढा एकच आग्रह त्यांनी धरला. नव्याण्णव साली लग्न होऊन ती पुण्याला आली. नवरा प्रज्ञेश चाकणच्या कारखान्यात होता आणि बिऱ्हाड विश्रांतवाडीत, दोन खोल्यांचं.

दुकानाचे मालक बद्रीनाथ तांबट. त्यांची उमेदीची वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेली. पुढे गावात कॉम्प्युटर आले, हिंजवडीकडे कंपन्या उभ्या राहिल्या, आणि तांबटांनी कुरकुरत का होईना दुकानाची पाटी बदलली. कल्याणी काम मागायला आली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे एक बंद पडलेला मॉनिटर सरकवला आणि पेपर उघडून बसले. पेपर संपायच्या आत मॉनिटर लागला. तिची नेमणूक झाली ती अशी.

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे प्लास्टिकची चपटी पेटी. तिच्या आत बोटापेक्षा जरा जाड असे सहा सेल पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. कल्याणी मेलेले सेल काढायची, नवे बसवायची आणि पट्ट्यांना विजेचा क्षणभराचा चटका देऊन ते जोडायची. चटका देण्याचं मशीन तिनं स्वतः तयार केलं होतं, मोडक्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून. तांबट ते गिऱ्हाइकांना दाखवायचे. अर्थात कल्याणी समोर नसताना.

दोन हजार दहा साली खराडीच्या एका कंपनीनं साठ बॅटऱ्या दुरुस्तीला दिल्या. तिथे परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम तिन्ही पाळ्यांत चालायचं. तांबटांनी दोन वर्षांची हमी लिहून दिली. वर्ष पुरं व्हायच्या आत चाळीस बॅटऱ्या परत आल्या. काही फुगल्या होत्या, काही दहा मिनिटांत मान टाकत होत्या. सोबत कंपनीचं पत्र होतं: जोडणीचं काम निकृष्ट आहे.

तांबटांनी पत्र वाचून तिच्यासमोर ठेवलं. तुमच्या मशीनचा चटका जास्त झाला असणार, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर तिला कमी लागलं असतं.

"कशावरून?" तिनं विचारलं.

"बाई, सेल मेलाय. आता तो का मेला हे त्याला विचारणार आहात का?"

"उघडला तर सांगेल," कल्याणी म्हणाली.

पण दुकानात सेल उघडणं म्हणजे आगीशी खेळ, हे तिला माहीत होतं. तिच्या आधीच्या कारागिरानं एकदा स्क्रूड्रायव्हरनं सेल टोकरला होता. त्याचा काळा डाग टेबलावर अजून होता. मग वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बॅटऱ्यांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा झाल्याचं तिनं पेपरात वाचलं. शनिवारी अर्धा दिवस मागून घेऊन तिनं मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची बस पकडली.

पहिल्या शनिवारी वॉचमननं फाटकावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या शनिवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख श्रद्धा इनामदार भेटल्या. त्यांनी सौजन्यानं सांगितलं की ही यंत्रं विद्यार्थ्यांसाठी आहेत, बाहेरच्यांसाठी वापरता येत नाहीत. तिसऱ्या शनिवारी कल्याणी एक वही घेऊन गेली. परत आलेल्या चाळीस बॅटऱ्यांमधल्या प्रत्येक सेलला तिनं नंबर दिला होता. कुठल्या लॅपटॉपमधला, कधी जोडला, आज व्होल्टेज किती, मूळच्या किती टक्के ताकद उरली, सगळं त्यात होतं. दोनशे चाळीस सेल, दोनशे चाळीस ओळी.

इनामदार मॅडम उभ्याउभ्याच वही चाळू लागल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. मीच, कल्याणी म्हणाली. मॅडमनी वहीतून वेगवेगळ्या तारखांचे बारा नंबर निवडले आणि सांगितलं, हे सेल पूर्ण रिकामे करून आणा, एकातही चार्ज उरता कामा नये. कल्याणीनं बारा सेलना छोटे दिवे जोडले. ते विझले तरी दोन दिवस तसेच ठेवले आणि प्रत्येक सेल पुन्हा मोजला.

प्रयोगशाळेत काचेची एक सीलबंद पेटी होती. पेटीला दोन लांब रबरी हातमोजे आतल्या बाजूला बसवलेले. बाहेरून हात घालायचे आणि आत काम करायचं. पेटीत हवा नव्हती, आर्गॉन वायू भरलेला होता, कारण सेलच्या आतल्या मालाला हवेतला ओलावा चालत नाही. पहिला सेल मॅडमनी कापला. पाइप कापायचं छोटं कटर त्या सेलभोवती हळूहळू फिरवत होत्या, कल्याणी श्वास रोखून बघत होती. दुसऱ्या सेलला त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. घाला."

धातूचं कवच उतरलं तशी आतून घट्ट गुंडाळी निघाली. ती उलगडली तर हातभर लांब पट्ट्या झाल्या. एक तांब्याचा पत्रा, एक ॲल्युमिनियमचा, दोन्हींवर काळा थर, आणि दोघांनी एकमेकांना शिवू नये म्हणून मधे पातळ पांढरा पडदा. मॅडमनी शेजारी एक नवा सेल उघडून ठेवला होता. त्याचा पडदा शुभ्र आणि ओलसर होता. कल्याणीच्या सेलचा पडदा चहा सांडल्यासारखा तपकिरी झालेला, कोरडा. तांब्यावरचा काळा थर बोट लागताच पोपड्यासारखा सुटत होता.

हे जोडणीनं होत नाही, मॅडमनी समजावलं. हे लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला लावून ठेवलेले असणार. सेल कायम काठोकाठ भरलेला आणि वर मशीनची धग, त्यानं आतला द्राव हळूहळू नासून आटतो. कल्याणीला एकदम हलकं वाटलं. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांची तीच कथा.

सहावा सेल उलगडल्यावर मात्र ती थांबली. याचा पडदा खालच्या कडेला आकसला होता. मेणबत्तीजवळ धरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी कड आत वळली होती, आणि ती वळली होती नेमकी जिथे बाहेरून पट्टी जोडली होती तिथे. कल्याणीच म्हणाली, "हा माझ्या मशीननं मेला."

बारापैकी तीन सेल तसे निघाले. मॅडमनी बाराही उलगडलेल्या सेलचे फोटो काढून तिला दिले. तिनं वही काढून तारखा पाहिल्या. तिन्ही खराडीच्या कामाच्या पहिल्या आठवड्यातले. तेव्हा चटका किती वेळ द्यायचा हे ती अंदाजानं ठरवत होती. पुढे तिनं वेळ कमी केला होता. पट्टी नीट बसावी म्हणून केला होता, आत काय होतंय याची तेव्हा तिला कल्पनाही नव्हती.

घरी प्रज्ञेशनं सगळं ऐकून घेतलं. कंपनीला नऊच दाखव, तो म्हणाला, नऊ पुरेसे आहेत. तो तिच्या भल्याचंच सांगत होता आणि तिलाही ते क्षणभर पटलं. पण पहिल्या आठवड्यात जोडलेल्या वीसेक बॅटऱ्यांपैकी काही अजून लोकांच्या मांडीवर चालू होत्या. आकसलेल्या पडद्याचा सेल आज ना उद्या पेट घेऊ शकतो, हे मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी दुकान उघडताच तिनं तांबटांपुढे बाराही फोटो मांडले.

तांबटांनी चष्मा पुसून एकेक फोटो पाहिला. "म्हणजे चूक आपली आहे हे शोधायला तुम्ही इतके शनिवार वाघोलीला गेलात."

"तीन माझे आहेत, नऊ त्यांचे. पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या बॅटऱ्या मला परत हव्यात. आजच."

तांबटांनी फोटो गोळा करून तिच्या हातात दिले. मग त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि तिला स्कूटरवर मागे बसवून खराडीला नेलं.

कंपनीतला अधिकारी घड्याळ बघत बसला होता. कल्याणीनं आधी ते तीन फोटो पुढे केले. ही चूक माझी आहे, ती म्हणाली, या तारखांच्या बॅटऱ्या ताबडतोब बंद करा, मी सगळ्या बदलून देते. त्यानं घड्याळावरची नजर काढली. हमी मोडली म्हणून भांडायला आलेली माणसं त्यानं खूप पाहिली होती, ही तऱ्हा वेगळी होती. मग तिनं उरलेले नऊ फोटो दाखवले, आणि त्यामागचं कारण त्यानं ऐकून घेतलं. त्या मजल्यावरचे लॅपटॉप कधीच चार्जरवरून निघत नाहीत, हे त्यालाही मान्य करावं लागलं. टेबलावरच्या लॅपटॉपमधून बॅटरी काढूनच ठेवायची, असं तिनं सुचवलं आणि त्यांनी ते अमलात आणलं.

पहिल्या आठवड्यातली प्रत्येक बॅटरी तिनं परत आणली. एक सापडत नव्हती. ती नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीबरोबर मांजरी गावाला गेली होती. कल्याणी तिथे जाऊन ती घेऊन आली. मशीनला तिनं नीट टायमर बसवला. बॅटऱ्या पुन्हा बांधताना तांबट शेजारी बसून पट्ट्या कापून देत होते आणि पट्टी वाकडी गेली की स्वतःलाच टोमणे मारत होते. कंपनीनं काम काढून घेतलं नाही.

इनामदार मॅडमना तिला प्रयोगशाळेत घ्यायचं होतं, पण त्या जागेसाठी डिप्लोमा लागत होता. कल्याणीनं वयाच्या चौतिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. गणितात दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा सुटली. दोन हजार पंधराच्या जूनमध्ये ती वाघोलीला तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली. काचेच्या पेटीभोवती आठ विद्यार्थी उभे होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, सर कधी येणार? कल्याणीनं बाह्या सरसावल्या, हातमोज्यांत हात घातले आणि सगळ्यांना जरा जवळ सरकायला सांगितलं.