आधी लिहिलेलं वाक्य

सगळं हॉस्पिटल तिला वाफताई म्हणायचं. एकोणीस वर्षं ती तळमजल्यावरच्या त्याच खोलीत होती. ऑपरेशन थिएटरमधून वापरलेली हत्यारं खाली यायची. ती धुवायची, कोरडी करायची, ट्रेमध्ये लावायची, ट्रेचे पुडे बांधून चिकटपट्टीने बंद करायचे आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह मशीनच्या वाफेत ठेवायचे, हे तिचं काम. प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा एक छोटा पुडा आत जायचा. त्याच्या पोटात कागदाची एक पट्टी असायची. वाफ नीट पोचली तर पट्टी काळी, नाही तर फिकी. ती पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही ट्रे वर जाणार नाही, हा त्या खोलीचा कायदा होता. खोलीत दुसरं कुणीच नसल्यामुळे कायदा करणारी, पाळणारी आणि पाळला की नाही ते बघणारीही तीच होती.

नव्या मेट्रनबाई आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिची वही मागवली. वहीत प्रत्येक काम झाल्या झाल्या, ओल्या हातांनी लिहिलेलं असायचं: ‘ट्रे वॉश. पॅक सील. स्ट्रिप सीन, ब्लॅक.’ मेट्रनबाईंनी दोन पानं उलटली आणि चष्मा काढला.

“हे इंग्रजी आहे?”

“मला समजतं, बाई.”

“तुम्हाला समजून काय उपयोग? तपासणीला बाहेरून माणसं येणार आहेत. मला शिफ्टच्या शेवटी एक धड, पूर्ण वाक्य हवं. महिनाभर बघते. जमलं तर या खोलीच्या इनचार्ज तुम्ही. पुढच्या महिन्यात एक नवी टेक्निशियन येतेय. नाही जमलं तर ती इनचार्ज होईल आणि तुम्ही लाँड्रीत.”

लाँड्रीत म्हणजे चादरी मोजायला. त्या दिवशी घरी आल्यावर तिने पातेली अशी काही आपटली, की सून आतून धावत आली. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. सासू-सुनेचं तसं बरं होतं, कारण मुलगा शहाणा होता, दोघींच्या मध्ये कधी पडायचा नाही. वाफताईने सगळं सांगितलं, वहीच्या मागच्या पानावर एक पूर्ण वाक्य जुळवून पाहिलं आणि वही सुनेपुढे टाकली. “शिकव मला. पण हसलीस तर याद राख.”

सून हसली नाही. हसू येत होतं, ते ओठ चावून आत ढकललं. “अहो आई, एका वाक्यात तीन कामं सांगायची ना, मग तिन्ही क्रियापदं एकाच रूपात पाहिजेत. तुम्ही काय लिहिलंय बघा. ‘आय वॉश्ड द ट्रेज, सीलिंग द पॅक्स अँड स्ट्रिप टु चेक.’ एक उठून कामाला लागलंय, एक आळोखेपिळोखे देतंय आणि एक अजून झोपलंय.”

“मग काय करू? पाणी मारू तोंडावर?”

“तिघांना एकदम उठवा. वॉश्ड, सील्ड, चेक्ड.”

आठ दिवस काही डोक्यात शिरेना. कधी शेवटचं शेपूट वाकडं व्हायचं, कधी मधलं. मेट्रनबाईंची लाल रेघ रोज यायची. सूनही एकदा वैतागून म्हणाली, “आई, शाळेतली पोरं बरी.” त्यावर दोन दिवस अबोला झाला. मग एका सकाळी ट्रे लावता लावता तिचा हात थांबला. सगळ्या चिमट्यांच्या आणि कात्र्यांच्या मुठी एका बाजूला होत्या, एकच कात्री उलटी पडली होती आणि तीच डोळ्यांत खुपत होती. तिने कात्री फिरवली आणि एकटीच मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, एवढंच होय!”

त्यानंतर वाक्य तिला जे आवडायला लागलं, ते विचारू नका. रस्त्याने ते पुटपुटत जायची, भाजी निवडताना म्हणायची. “आय वॉश्ड द ट्रेज, सील्ड द पॅक्स अँड चेक्ड द स्ट्रिप.” लाल रेघ गेली आणि त्या जागी ‘गुड’ यायला लागलं. चाळिशी कधीच ओलांडलेल्या बाईला ‘गुड’ मिळाल्याचा एवढा आनंद व्हावा, याची तिची तिलाच लाज वाटायची. पण व्हायचा.

फक्त एक गोष्ट बदलली होती. पूर्वी काम झालं की दोन शब्द पडायचे. आता तिन्ही कामं एकत्र लिहायची, म्हणजे शेवटी लिहायची, आणि शेवटी तर नुसती घाई असायची. मेट्रनबाई दीडला यायच्या तेव्हा शेवटची खेप जेमतेम बाहेर निघालेली असायची. अशा घाईत तिचं वाक्य हमखास बिघडायचं. म्हणून एक दिवस, मशीन चालू असताना, शांत डोक्याने तिने ते आधीच लिहून ठेवलं. मग पट्टी पाहिली. काळी होती. आधी लिहिलं काय नि नंतर लिहिलं काय, काम तर होणारच होतं. मग तिला तशी सवयच लागली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सव्वाला मशीन चालू होतं आणि वाक्य वहीत वळणदार अक्षरात तयार होतं. मशीन थांबलं, तिने दार उघडलं, पुडे बाहेर काढले आणि ते निवायची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात थिएटरची सिस्टर धापा टाकत खिडकीशी आली.

“ताई, सिझरचा ट्रे! बाळाचे ठोके कमी होतायत. वरचा ट्रे आताच वापरला गेला. लवकर!”

तिने ट्रे दिला. सिस्टर पळाली. आणि मागच्या दाराने मेट्रनबाई आत आल्या.

त्यांनी वही उचलली, वाक्य वाचलं आणि पहिल्यांदाच हसल्या. “छान. उद्यापासून तुमच्या नावाची पाटी लावायला सांगते. सही करा.”

तिने पेन घेतलं. सही करायला वाकली आणि तिची नजर मशीनच्या खालच्या फळीवर गेली. तपासणीचा पुडा तिथेच होता, बंद.

चेक्ड द स्ट्रिप. वहीत तर लिहिलं होतं. मेट्रनबाई वाचूनही मोकळ्या झाल्या होत्या. त्यांची पाठ वळली की पुडा फोडायचा, पट्टी काळी निघायची, रोज निघतेच. कुणाला कळणार होतं? पण वर एक बाई टेबलावर होती आणि पट्टी फिकी निघाली, तर तोवर उशीर झालेला असणार होता. तिने पेन टाकलं आणि फोन उचलला.

“थिएटर? वाफताई बोलतेय. ट्रे उघडू नका. पट्टी पाहिलेली नाही.”

पलीकडून सिस्टर ओरडली, “वेड लागलंय का? डॉक्टर हात धुऊन उभे आहेत!”

“एक मिनिट. फोन ठेवू नका.”

पुडा चटके देत होता. पहिली घडी सुटली, दुसरी बोटांना चिकटली. मेट्रनबाई जागच्या हलल्या नाहीत. फोनमधून कुणीतरी विचारत होतं, बोला, बोला. तिसरी घडी उघडली. पट्टी काळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“काळी आहे,” ती म्हणाली. “उघडा.” आणि फोन ठेवला.

मेट्रनबाईंनी वही तिच्यापुढे ठेवली. “किती दिवस?”

“काय, बाई?”

“आधी लिहून मग पट्टी, असं किती दिवस केलंत?”

“पण पट्टी रोज पाहिली, बाई. आज पहिल्यांदाच राहिली. देवाशपथ.”

“मी कशावरून मानू?”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, विचारायची गरजच पडली नव्हती. तिने पेन घेतलं आणि महिन्याची पानं मागे उलटत गेली. ज्या ज्या दिवशी आधी लिहिलं होतं, त्या त्या वाक्यापुढे फुली मारली. दोन मारून थांबली असती तरी चाललं असतं. तिने तेरा मारल्या. शेवटची फुली आजच्या तारखेपुढे होती.

बाळ रडलं, असा वरून फोन आला. मेट्रनबाईंनी तो घेतला, ठेवला आणि वही काखेत मारली.

“इनचार्ज ती नवी मुलगी होईल. तुम्ही याच खोलीत राहाल, मशीन तुमच्याच हातात. पण यापुढे वहीत तुम्ही लिहायचं नाही. तुम्ही सांगाल, ती लिहील.”

चादरी टळल्या होत्या. तरी घरी जाताना तिला रडू आवरेना. महिनाभर घासून घासून जे कमावलं होतं, नेमकं तेच काढून घेतलं होतं, आणि तक्रार करायलाही जागा नव्हती. सुनेने दारातच विचारलं, “काय झालं, आई?” तिने सगळं सांगितलं, तेरा फुल्यांसकट. सून काही शिकवायला गेली नाही. चहा करून शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सातला नवी टेक्निशियन आली. तिने नवी वही उघडली, तारीख टाकली आणि पेन सरसावून उत्साहाने म्हणाली, “सांगा ताई, काय लिहू?”

वाफताईने हातमोजे चढवले आणि नळ सोडला.

“थांब,” ती म्हणाली. “अजून काहीच केलेलं नाहीये.”