नोटीस सगळ्यांना गेली होती

वाशीतल्या आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. हे फुकटचं दुखणं मी का घेतलं, ते बायकोला अजून कळलेलं नाही. मला नियमांचा भारी सोस. सर्वपित्री अमावास्येला घसरगुंडीमागे कोणीतरी दूधभाताचं पान ठेवून जातं, हे कळल्यावर पुढच्या वर्षी मी स्वतः गेटवर उभा राहिलो आणि त्या बाईला अडवलं.

ती शेजारच्या गावठाणातली म्हातारी. न चिडता तिने सांगितलं, इथे त्यांचं खाजण होतं, खाडीकाठचं भातशेत. नवं शहर वसवताना ते गेलं. त्याआधी तिची सहा महिन्यांची मुलगी तापाने गेली होती. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, म्हणून बांधावर पुरली. बांध राहिला नाही, पण गावदेवीच्या देवळापासून पावलं मोजत ती नेमकी त्या जागी यायची. मी बाजूला झालो. पुढे दरवर्षी मीच तिला आत नेत असे.

मग रिडेव्हलपमेंट ठरलं. खाली दोन मजले पार्किंग खणणार हे तिच्या कानावर गेलं, तशी ती माझ्या घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“दादा, खनशील तवा मना सांग. मूठभर माती पायजे.”

सांगतो म्हणालो. मनापासून म्हणालो.

खोदकामाचा दिवस ठरला. मी नोटीस काढली, बोर्डावर लावली, ग्रुपवर टाकली, दुबईतल्या फ्लॅटमालकालाही मेल केली. एकूण एक सभासदाची पोच घेतली. ती कुठल्याच यादीत नव्हती.

अमावास्येला ती पत्र्याच्या कुंपणाशी उभी दिसली. हातात पान, आत नुसता खड्डा.

“सांगितलं नाय,” ती म्हणाली.

“नोटीस लावली होती, मावशी.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, याची लाज मला जन्मभर पुरेल.

माती डंपरने नावड्याला भरावासाठी गेली, असं कॉन्ट्रॅक्टरकडून कळलं. मी तिथे गेलो. सगळीकडे रोलर फिरला होता. एका कडेची ओंजळभर माती पिशवीत घातली आणि तिच्या दारात नेऊन दिली. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली. खाजणाची माती खारट असते, हे मला तेव्हा कळलं.

“ही आपली नाय, दादा,” ती म्हणाली. तरी पदरात बांधून घेतली.

नव्या इमारतीत माझं पार्किंग अगदी खालच्या मजल्यावर आलंय. दिवे आपोआप लागतात, मी उभा राहिलो की विझतात. मला तिथे भीती वाटते, म्हणून गाडी मी बाहेर रस्त्यावर लावतो.

यंदा ती राहिली नाही. अमावास्येला दूधभाताचं पान घेऊन मी गावदेवीच्या देवळापाशी गेलो आणि पावलं टाकायला लागलो. किती टाकायची, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.