'असूनही'

"ख्रिश्चन असूनही काय ख्याल गातात बाई!" परवा दादरच्या कार्यक्रमात निवेदकाने पुन्हा ते 'असूनही' लावलंच, आणि माझं डोकं फिरलं. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाते, संध्याकाळी यमन गाते. येशूची आजवर तक्रार नाही, लोकांनाच कौतुक आवरत नाही.

मग तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवताना ठाकूरद्वारची शिकवणीची खोली आठवली. शाळकरी होते मी. गुरुजींच्या तंबोऱ्याचा दोरा तुटला, दुसरा सापडेना, म्हणून मी गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्याचा एक पदर सोडवून दिला. तो तारेखाली बसला आणि तार पुन्हा झणकारायला लागली.

दाराशी बसलेल्या एका मुलीच्या आईने हातच जोडले. "केवढं मोठं मन पोरीचं! ख्रिश्चन असूनही..."

"मन राहू द्या हो," गुरुजी खेकसले. "गंधार बघा तिचा, कालपासून उतरतोय. गा गं, पुन्हा!"

तेव्हा मला रडूच आलं होतं. दोरा माझा, आणि वर बोलणीही मलाच. आता वाटतं, एवढ्या वर्षांत 'असूनही' न लावता मला झापणारे तेवढे गुरुजीच भेटले.