मी झाडलेली जमीन

वन्संचा हात मनगटात मोडला, म्हणून मी मारुंजीहून चार दिवसांसाठी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला गेले. एकटीने एवढ्या लांब कधी गेले नव्हते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या गावावरच्या डोंगराच्या सोंडेवर फार जुन्या घरांचे पाये सापडले आहेत. पुण्याच्या एक मॅडम तिथे खणतात आणि वन्सं त्यांच्याकडे कामाला आहेत. बदली माणूस दिलं नाही तर मॅडम दुसरी बाई घेतील, या काळजीने त्यांनी मला बोलावलं.

पौडला जीप बदलली. शेजारी एक म्हातारबाबा बसले होते.

"कुनाकडं निगाली, पोरी?"

मी हळूच सांगितलं.

"त्या खड्ड्यावर व्हय? सोनं घावलं का?"

"न्हाई. माती नेत्यात म्हनं पिशवीत भरून."

"माती? ती माज्या वावरातबी लई हाय. सांग त्यास्नी, टेंपो घिऊन या म्हनावं!"

सगळी जीप हसली. मी मान वळवून बाहेर बघत राहिले. भातकापणी झालेली होती. खाचरांत नुसती धसकटं उरली होती आणि त्यांच्या पलीकडे धरणाचं पाणी एकदम दिसलं. इतकं पाणी, आणि काठावर एकही माणूस नाही.

वन्संनी चिंबोऱ्यांचा (ओढ्यातल्या खेकड्यांचा) रस्सा आणि नाचणीची भाकरी केली होती. एका हाताने त्यांना नांग्या फोडता येईनात. मी फोडून देत गेले आणि त्या खात गेल्या.

सकाळी सोंडेवर चढलो. घर म्हणजे गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, बाकी आभाळ. आतली खोली खणून जमिनीपर्यंत आणली होती. मॅडम चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या. त्यांनी मला जमिनीशी उकिडवं बसवलं.

"भांडी, दागिने लोक जाताना घेऊन जातात, ताई. जमीन कोणी नेत नाही. इथे काय सांडलं, काय जळलं, गुरं बांधली की माणसं झोपली, ते या मातीत राहतं."

उद्यापासून वीतवीतभर चौकोन आखून प्रत्येकातली धूळ वेगळ्या पिशवीत भरायची होती. मग खालच्या जमिनीचा तुकडा प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून अख्खा कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

"माज्या हातासारकंच की!" वन्सं आपला प्लास्टरचा हात दाखवत म्हणाल्या. "फक्त त्यो ठनकत न्हाई."

अख्ख्या सोंडेवर एवढ्या एकाच खोलीची जमीन शाबूत राहिली होती. मॅडमची दोन वर्षं तिच्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आधी पोचलो. वन्सं सावलीत कळशी ठेवायला गेल्या. जमिनीवर झाकलेला प्लास्टिकचा कागद मी काढला. जमिनीवर भुरभुरीत धूळ आणि पाचोळा होता. पिशव्यांत भरायची ती खालची जुनी माती, असंच मी धरून चालले होते; मॅडम येतील, अशा जमिनीवर बसतील, एवढंच मनात आलं. कागद झटकायची केरसुणी तिथेच होती. मी मागच्या भिंतीपासून दारापर्यंत खोली स्वच्छ झाडली आणि केर घमेल्यात भरला. झाडून झाल्यावर बरं वाटलं.

वन्संनी येऊन घमेल्यात बघितलं.

"वैनी! काय केलंस गं हे? हीच धूळ पिशव्यांत भरायची व्हती!"

मी केरसुणी खाली ठेवली.

"गप ऱ्हा आता. वाऱ्यानं कागद उडाला, असं सांगू. खरं कळलं तर माजं काम जाईल."

मॅडम वर आल्या. मी घमेलं उचलून त्यांच्यासमोर ठेवलं.

"म्या झाडलं. वन्संचा काय दोष न्हाई."

त्यांनी वाकून घमेल्यातली चिमूटभर धूळ बोटांत चोळली. ओरडल्या नाहीत, तेच जड गेलं. मग म्हणाल्या, "कुठल्या कोपऱ्यातलं काय, ते आता कळणार नाही. वरून पडलेली माती किती आणि घरातली किती, तेही नाही. त्या घरातले शेवटचे दिवस या धुळीत होते."

थोड्या वेळाने त्यांनी खालच्या जमिनीची कड सुरीने कापली. मी न राहवून वाकले. मागच्या भिंतीकडे पातळ पापुद्रे एकावर एक बसलेले होते. दाराकडे तसं काही नव्हतं, एकच जाड, काळपट थर.

"हे सारवण हाय," मी म्हटलं. "सारवणावर सारवण चढलं की अशीच पुडं सुटत्यात. दाराकडं गुरं असतील. गोठा कोन सारवतंय सारखा?"

"असेल. तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी दोन्हीकडचे तुकडे कापायला घेतले आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायला मला बसवलं. वन्संचं काम टिकलं.

निघायच्या दिवशी मॅडमनी खोदकामाची वही पुढे केली. "काय झाडलं, कुठून कुठे, ते तुमच्या हाताने लिहा. नाहीतर पुढे वाचणाऱ्याला वाटेल, घर सोडताना त्या लोकांनीच झाडून ठेवलं होतं."

मी चौथी शिकलेले. मला वेळ लागला. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत जमीन मी झाडली, असं लिहून खाली नाव घातलं.

परतताना जीपमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर लक्ष लागेना. मॅडमचं ते वाक्य डोक्यात घोळत होतं. घर सोडून जाताना आपण काय करतो? सामान बाहेर काढतो आणि शेवटचा केर काढतो. मोकळं घरसुद्धा तसंच टाकून निघवत नाही. त्या खोलीत सारवणारी बाई होती, एवढं बहुतेक कळेल. जाताना तिने केर काढला होता की तिला तेवढाही वेळ मिळाला नव्हता, हे आता कोणालाच कळणार नाही.