मामाजींसोबत गोल्फ

कापलेल्या गवताचा वास आला की मला गडचांदूरकडचं मे महिन्यातलं ते ऊन आठवतं. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला गेलो होतो. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तिथल्या सिमेंट कारखान्यात होते. सकाळीच त्यांनी मला साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर नेलं आणि बजावलं, "पाहुणा पहिले मारते. अन् त्याचा चेंडू खड्ड्यात गेल्याबिगर कोणी घरी जात नाई." मी जन्मात काठी धरली ती म्हशी हाकायला. चेंडू पळसाच्या झुडपात गेला, नाल्यात गेला, खड्डा सोडून सगळीकडे गेला. मागे साहेब लोक टोप्या सावरत ताटकळले होते. सासुरवाडीत नाही म्हणू नये म्हणून मी मारत राहिलो, आणि जावयाला पुरे म्हणू नये म्हणून सासरे म्हणत राहिले, "होऊ द्या जवाईबापू, घाई नाई." ऊन डोक्यावर आलं, त्यांचा सदरा पाठीला चिकटला, तरी दोघांचीही जीभ रेटेना. शेवटी चेंडू एकदाचा खड्ड्यात पडला. घरी आल्यावर सासूबाई पन्हं देत त्यांच्यावर करवादल्या, "तुमाले ऊन सोसत नाई, मंग काऊन गेले?" सासरे हळूच म्हणाले, "जवायाले हौस होती ना." काल माझा नवा जावई जेवायला बसला होता. आणखी एक पुरणपोळी पुढे करत मी म्हटलं, "नको असंल तर सांगा." तो घाम पुसत म्हणाला, "वाढा ना, मामाजी." मला वाढावीच लागली.